सूचना : ड्रिल मशीन नेण्याआधी वाचा

सर्व सभासदांना नमस्कार. गटाचं ड्रिल मशीन नेणाऱ्यांनी कृपया एवढं वाचूनच न्यावं.

बिट (भोक पाडणारी सळी) बदलताना आधी प्लग काढा, बॅटरीवरचं मशीन असेल तर बॅटरी. नुसतं बटण सोडून भागत नाही, बोट चुकून ट्रिगरवर पडतंच. चक (बिट पकडणारा पुढचा भाग) आवळली की तिची चावी लगेच काढून घ्या. विसरलात तर मशीन सुरू होताच ती उडून अंगावर येते.

हातमोजे घालू नका, हे पुन्हा सांगते. अनेकांना उलटंच वाटतं, पण फिरत्या बिटमध्ये मोज्याचा धागा गुंतला की बोटंही ओढली जातात. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस यांचंही तेच. गॉगल मात्र हवाच, नंबरचा चष्मा पुरत नाही.

पत्र्याचा लहान तुकडा हातात धरून भोक पाडू नका. बिट आरपार जाताना अडकते आणि तो तुकडा पात्यासारखा गरगरा फिरतो. तुकड्याला क्लॅम्प (घट्ट धरणारी पकड) लावा, शेवटी जोर कमी करा, बाजूची मूठ दुसऱ्या हाताने घट्ट धरा.

भिंतीत स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर-खाली भोक नको, तिथून वायर गेलेली असू शकते. मशीनची वायर कुठे सोललेली दिसली तर टेप गुंडाळू नका, मशीन तसंच परत आणून द्या.