बासेलहून घरी

बासेल, स्वित्झर्लंड, ऑगस्ट

तीर्थरूप बाबा, आई आणि आजी यांना साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

मी मजेत आहे. आधी हेच लिहिते, कारण दादा वाचून दाखवेल तेव्हा पहिल्या ओळीत "मजेत" आलं नाही तर आजी पुढचं ऐकणार नाही. जेवण बरोबर चालू आहे. तामिळ लोकांच्या दुकानात तुरीची डाळ मिळते, ज्वारीचं पीठही कधीकधी मिळतं. आई, गाल बसले नाहीत, फोनच्या उजेडात तसे दिसतात. वजन उलट वाढलं आहे.

तू विचारलं होतंस की दिवसभर औषधांच्या कंपनीत असते, तर वास नाकात जात असेल. नाही जात. मी काचेच्या कपाटासमोर उभी राहते, आतली हवा यंत्र वर ओढून घेतं. हातमोजे, चष्मा, कोट घातल्याशिवाय मला त्या खोलीत पायसुद्धा टाकू देत नाहीत. त्यामुळे ती काळजी मनातून काढून टाक.

एवढं लांब पत्र लिहायचं कारण बाबा आहेत. फोनवर ते "बरं हाये" याच्या पुढे जात नाहीत आणि मला जे बोलायचं आहे ते तेवढ्यात मावत नाही.

मागे एका शनिवारी मी इथलं औषधांचं जुनं संग्रहालय पाहून आले. बाजाराच्या चौकातून एक पायऱ्यांची गल्ली वर चढत जाते, तिथे ते आहे. संग्रहालय विद्यापीठाचं. योझेफ आंतोन हेफ्लिगर नावाच्या औषधशास्त्राच्या माणसाने 1924 साली सुरू केलेलं. पण घर त्याहून कितीतरी जुनं आहे, पाचशे वर्षांपूर्वी तिथे योहान फ्रोबेन नावाच्या नामांकित मुद्रकाचा छापखाना होता. माहिती सांगणाऱ्या बाई जन्मभर औषधांच्या दुकानात काम करून निवृत्त झालेल्या. त्यांचं जर्मन संथ आणि स्वच्छ, म्हणून मला बहुतेक सगळं समजलं. आता इथे कोणी नवीन आलं की मीच त्यांना तिकडे घेऊन जाते.

आत जुन्या दुकानांची लाकडी मांडणी आहे, छतापर्यंत खण, चिनीमातीच्या बरण्या, त्यांवर लॅटिन नावं. पितळेचे मोठे खलबत्ते आहेत. जळवा ठेवायची भांडी आहेत, झाकणाला भोकं पाडलेली. आजी, तुझ्या माहेरी गुडघ्याला जळवा लावायचे ना, तशाच इथेही लावायचे. काही गोष्टी पाहून मात्र मन विटतं. इजिप्तमधल्या हजारो वर्षांच्या प्रेतांची पूड कधीकाळी इथे औषध म्हणून विकत, आणि माणसं ती पैसे देऊन खात.

आजीला आवडेल असंही एक औषध आहे. त्याचं नाव थेरियाक. सगळ्या विषांवर उतारा म्हणून शेकडो वर्षं युरोपभर चाललं. त्यात साठाच्या वर जिन्नस. व्हेनिससारख्या शहरात ते चौकात, लोकांच्या डोळ्यांदेखत कुटायचे, भेसळ होऊ नये म्हणून. त्यात अफू असायची, सापाचं मांस असायचं, आणि आजी, सुंठ, मिरी, पिंपळीही असायची! तू सर्दी झाली की मधात चाटवायचीस तीच तिन्ही. मी बाईंना म्हटलं, हे आमच्या घरी अजून बनतं. त्यांनी मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना सांगायला लावलं. मोडक्या जर्मनमध्ये मी तुझं चाटण सांगितलं. मला किती भरून आलं ते लिहिता येत नाही.

आता बाबा, तुमच्यासाठी.

त्या घराशी पॅरासेल्सस नावाच्या वैद्याचा संबंध आहे. फ्रोबेनचा पाय दुखायचा, त्यावर याने उपचार केले. 1527 साली शहराने त्याला नगरवैद्य नेमलं. शिकवायचं ते लॅटिनमध्येच, असा तेव्हाचा रिवाज होता. हा मात्र लोकांच्या जर्मनमध्ये शिकवू लागला, आपल्या रिद्धपूरला महानुभावांनी संस्कृत बाजूला ठेवून मराठी धरली तसा. औषधवाल्यांची दुकानं तपासा म्हणून त्याने नगरपालांच्या मागे लकडा लावला. विद्वानांचा जुना ग्रंथ भर उत्सवात आगीत टाकला. सगळ्यांशीच वैर झालं आणि 1528 मध्ये त्याला गाव सोडावं लागलं. पण 1538 साली त्याने लिहून ठेवलं ते आजही आमच्या अभ्यासात पहिल्या तासाला शिकवतात: प्रत्येक वस्तूत विष आहे, ती विष ठरणार की नाही हे मात्रेवर.

पुढच्या खोलीत एका बरणीवर "बेलाडोना" लिहिलेलं होतं. तिची काळी फळं लहान मूल खाईल तर जीव जाईल. त्या झाडातून अ‍ॅट्रोपिन नावाचं द्रव्य निघतं. आपल्या धुऱ्यावरच्या धोतऱ्यातही तेच असतं, जो आजी सोमवारी महादेवाला वाहते. बाबा, त्या बरणीसमोर मी खूप वेळ थांबले. बाकीची माणसं पुढच्या खोलीत गेली तरी मी तिथेच. 2017 साल डोळ्यांपुढे आलं.

तेव्हा मी फार्मसीला होते. पऱ्हाटी त्या साली माणसाच्या डोक्याएवढी झाली होती आणि फवारा थेट तोंडावर यायचा. वरून ते जोराचे बॅटरीचे पंप. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. मोनोक्रोटोफॉससारखं किडीचं औषध अंगात गेलं की नसांचं काम आवरणारा एक पदार्थ बंद पडतो. मग घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, छातीत पाणी भरल्यागत श्वास कोंडतो. त्यावर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन टोचतात, थोड्या थोड्या वेळाने, छाती मोकळी होईपर्यंत. म्हणजे त्या बरणीतलं विष मोजून दिलं की आपल्या शेतातल्या विषावर उतारा होतं. पॅरासेल्ससचं म्हणणं याहून खरं मला कुठे दिसलं नाही.

तुम्ही म्हणता, "इतके वर्स फवारून रायलो, मले काय झालं?" बाबा, विष असंच मोजलं जातं, थोडं थोडं. गेल्या हंगामात संध्याकाळी तुम्हाला पेपर वाचता येत नव्हता, अक्षरं पुसट दिसत होती, आणि तुम्ही चष्म्याला दोष दिला. हे मला वहिनीने सांगितलं. तिला रागावू नका.

उकाडा होतो, मास्कमध्ये जीव घाबरतो, हे मला कळतं. मी तुमच्याच शेतात वाढले. म्हणून एवढंच करा: फवारणी सकाळीच करायची, वारा पाठीवर घेऊन. औषध काडीने ढवळायचं, हाताने कधीच नाही. कृषी केंद्रवाल्याने सांगितलं म्हणून दोन-तीन औषधं एकत्र करायची नाहीत. पंप पाठीवर असताना खर्रा तोंडात घालायचा नाही. घरी आल्याबरोबर साबणाने आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. आणि ज्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं आलं किंवा मळमळलं, त्या दिवशी औषधाची बाटली सोबत घेऊन सरळ दवाखान्यात जायचं. सालदारालाही हे सगळं लागू आहे, त्यालाही घरी लेकरं आहेत. मास्क, चष्मा, हातमोजे आणि लांब बाह्यांचा झगा असे दोन संच मी दादाच्या नावाने मागवले आहेत.

इथल्या जुन्या दुकानांत विषाचं कपाट वेगळं असायचं, कुलूपबंद. आपल्या बाटल्या माजघरात तांदळाच्या कोठीजवळ आहेत, आणि पिल्लू आता सगळीकडे चढतं. दादा, पोळ्याच्या आधी एक लोखंडी पेटी घे आणि गोठ्याच्या भिंतीला ठोक. किल्ली वहिनीजवळ.

आजी, तुझ्या लहानपणी मलेरियावाले येऊन भिंतींवर डीडीटी मारून जायचे म्हणतेस. त्याने किडे मरतात हा शोध याच शहरात 1939 साली पॉल म्युलर यांनी लावला, 1948 मध्ये त्यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. पुढे त्याच डीडीटीवर आपल्या देशात शेतीसाठी 1989 मध्ये बंदी आली. अशा शहरात मी औषधं बनवायला शिकून राहिले, आणि तुम्ही तिकडे उघड्या हाताने पंप भरता. रात्री झोपताना हे आठवतं. बाकी झोप चांगली लागते, आई.

आई, त्या फोटोतल्या लाल माशासारख्या पिशवीबद्दल तू विचारलंस. तिचं नाव विकेलफिश. नीट सांगते, नाहीतर तुला वाटेल काहीतरी भलतंच. शहराच्या मधून ऱ्हाइन नदी वाहते, आपल्या वर्धा नदीसारखी रुंद, पण ओढ जास्त. उन्हाळ्यात ऑफिस सुटलं की इथली माणसं काठावर जातात, आतून पोहायचा पोशाख घातलेलाच असतो. अंगावरचे कपडे, बूट, फोन, पाकीट, सगळं त्या पिशवीत भरतात. तिचं तोंड सात वेळा दुमडून बांधतात, त्यामुळे पाणी शिरत नाही आणि आत हवा राहते. मग पिशवी कवटाळून नदीत उतरतात आणि प्रवाहाबरोबर वाहत जातात. हातपाय फार मारावे लागत नाहीत, नदीच नेते. साहेब, शिपाई, म्हाताऱ्या बाया, सगळे. आपसात गप्पा मारत. दोन-तीन पूल ओलांडले की काठावर लागतात, नळाखाली अंग धुतात, कपडे घालतात आणि घरी चालत जातात. कोणी कोणाकडे पाहत नाही. पोहायची बाजू ठरलेली आहे, दुसरीकडून जहाजं जातात. मी एकदाच उतरले, मैत्रिणींसोबत, काठाकाठाने. मला पोहता येतं, मामाच्या विहिरीत मामानेच शिकवलं आहे, म्हणून यावर आता बोलणं नको.

याच नदीत 1986 च्या नोव्हेंबरात शेतीच्या औषधांच्या एका गोदामाला आग लागली आणि विझवायचं पाणी सगळं विष घेऊन उतरलं. नदी लाल झाली होती. मासे मैलोन्‌मैल मेले. आज लोक त्याच पाण्यात नाकापर्यंत उतरतात, म्हणजे माणसाने मनावर घेतलं तर नदी सुधारते. आपल्या नाल्यात रिकाम्या बाटल्या धुऊ नका, दादा.

आता कामाचं. या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त पाठवते आहे. लहानीच्या लग्नाच्या हॉलचा इसार त्यातून द्या, आणि सोसायटीचं पीककर्ज भरून टाका, व्याजाची सवलत मुदतीच्या आत भरलं तरच मिळते. बाबा, लग्नासाठी बैलजोडी विकायचं चाललंय असं ऐकलं. विकू नका. पोळ्याला दाराशी बैल नाहीत असं आपलं घर मला पाहायचं नाही, आणि पैशाची सोय माझ्याकडून होते आहे. मी इकडे त्याचसाठी आहे ना. यंदाही पोळ्याला नाही येता येत. तान्ह्या पोळ्याला पिल्लूचा लाकडी नंदी माझ्याकडून सजवा, झुली वहिनी छान शिवते.

एप्रिलमध्ये लग्नाला मी नक्की येते. सुटी दोनच आठवडे मंजूर झाली आहे, जास्त मागितली होती. हळदीच्या आधी पोहोचते, पाठवणी झाल्यावर दोन दिवसांत निघावं लागेल. आई, तू रडू नको, मी लहानीशी बोलले आहे, तिला चालतं. धाकटीचं आधी होऊन राहिलं म्हणून भाऊबंद बोलतील ते मला ठाऊक आहे. बोलू दे. तुम्ही दोघांनी मान खाली घालायचं काही कारण नाही, माझ्यासाठी कधीच नाही.

मामाने अमरावतीचं स्थळ आणलं आहे. मी नाही म्हणत नाही. पण माझं काम इथे अजून दोन वर्षं आहे, हे त्यांना आधी स्पष्ट सांगा, मग बाकीचं. मुलगा स्वतः बोलणार असेल तर मी बोलेन.

आजीच्या बीपीच्या गोळ्या बरं वाटतं म्हणून थांबवू नका. बाबांचे डोळे यवतमाळला दाखवून या, त्याचे पैसे वेगळे धरले आहेत. पैसे जमा झाले की दादाने कळवावं.

तुमची,
माई

ता. क. : मामाला म्हणावं फोटो नको, मुलाचा नंबर पाठव. आणि झगा घालून पंप भरतानाचा बाबांचा एक फोटो मला पाठवा, वहिनी तूच काढ.