चौकटीतले बारा शब्द

प्रति,
संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘धर्माच्या अभ्यासातले बारा शब्द’ अशी चौकट आपण छापलीत. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, प्रत्येकाला एकच ओळ. मी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. छापील कागद हाती आला की अजूनही हात पेन्सिलीकडे जातो. चौकटीत शुद्धलेखनाची चूक एकही नाही, त्याबद्दल आधी अभिनंदन. समास मात्र माझ्या खुणांनी भरून गेला.

पहिलीच ओळ अशी : ‘रिलिजन – मूळ लॅटिन, अर्थ बांधणे, धर्म.’ ‘रेलिगारे’, म्हणजे बांधणे, ही व्युत्पत्ती लॅक्टँटियस या ख्रिस्ती लेखकाची, इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुरुवातीची. माणूस ईश्वराशी बांधलेला आहे असं त्याला म्हणायचं होतं. त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने याच शब्दाचं मूळ ‘रेलेगेरे’मध्ये दाखवलं होतं, म्हणजे पुन्हा पुन्हा नजरेखालून घालणं, फिरून वाचणं. देवांच्या उपासनेशी संबंधित सगळं काही जे असं बारकाईने पाहत, ते ‘रिलिजिअस’. (या हिशोबाने माझं सगळं आयुष्य धर्माचरणात गेलं, पगार तेवढा तसा नव्हता.) लॅक्टँटियसला सिसेरोचं म्हणणं ठाऊक होतं आणि त्याने ते नावानिशी खोडून काढलं. दोघांच्या मनात ‘रिलिजन’ ही एकच गोष्ट नव्हती, म्हणून दोघांना मुळंही वेगळी सापडली. आपण त्यातल्या एकालाच जागा दिलीत.

आणि शेवटी ‘धर्म’ लिहून ओळ बंद केलीत. आपण ‘गुणधर्म’ म्हणतो, ‘शेजारधर्म’ म्हणतो, जाळणं हा अग्नीचा धर्म म्हणतो. यातल्या एकाही ठिकाणी ‘रिलिजन’ बसवून पाहा. १९६२ साली विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या अभ्यासकाने तर ‘रिलिजन’ हा शब्दच टाकून द्यावा असं सुचवलं होतं. त्याऐवजी त्याने दोन शब्द पुढे केले : एक ‘साचत आलेली परंपरा’, दुसरा ‘श्रद्धा’. त्याचं कुणी ऐकलं नाही. पण ज्या शब्दाला त्याच्याच घरातून हाकलण्याची भाषा झाली, त्याच्यापुढे निदान एक प्रश्नचिन्ह तरी हवं होतं.

आता ‘मिथक’. त्याच्यापुढे आपण छापलंत : ‘खोटी समजूत.’ मी पत्र लिहायला बसले ती या ओळीमुळे, आणि कारण माझ्याच एका चुकीत आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मानववंशशास्त्रावरच्या एका अनुवादाची मुद्रितं माझ्याकडे आली. त्यात ‘मिथक’ हा शब्द सारखा येत होता. मला तो बनावट वाटला. आपल्याकडे ‘दंतकथा’ असताना हा कशाला, असं म्हणून मी पानोपान तो बदलत गेले. भाषांतरकारांना कळवण्याचीही गरज वाटली नाही. दुसरं मुद्रित त्यांच्या हातात पडल्यावर ते स्वतः आले. आवाज न चढवता त्यांनी एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘हे मोठ्याने वाचा, बाई.’’ मी वाचलं : ‘‘या बेटांवरचे लोक दंतकथा आणि दंतकथा यांत काटेकोर फरक करतात.’’

बेटं होती न्यू गिनीजवळची ट्रोब्रियांड. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की तिथे राहिला होता, आणि १९२६ मध्ये त्याने तिथल्या कथांबद्दल जे लिहिलं त्यावर ते प्रकरण होतं. तिथे कथांचे तीन प्रकार. ‘कुकवानेबू’ म्हणजे करमणुकीच्या गोष्टी. त्या खऱ्या आहेत असं फारसं कुणी धरत नाही. ‘लिब्वोग्वो’ म्हणजे पूर्वी घडून गेलेलं म्हणून सांगितलं जाणारं. आणि ‘लिलिऊ’ : ती खरीही आणि पूज्यही. एखादा विधी का करायचा, एखाद्या कुळाचा जमिनीवर हक्क का, अशा प्रश्नांना आधार लागतो तेव्हा ती पुढे येते. भाषांतरकारांनी विचार करून तीन शब्द योजले होते : कहाणी, दंतकथा, मिथक. मी तिसऱ्या खणावर दुसऱ्याचीच चिठ्ठी चिकटवली होती.

तेव्हापासून मला कळतं की अभ्यासक एखाद्या कथेला मिथक म्हणतो तेव्हा तो ती खरी की खोटी हा निवाडा बाजूला ठेवत असतो. ती कथा त्या लोकांमध्ये काय काम करते, हे त्याला पाहायचं असतं. ‘मिथ’ या परक्या शब्दावरून घडवलेला हा शब्द, त्याचा ‘मिथ्या’शी केवळ आवाजाचा शेजार. तरी त्या शेजारानेच त्याचा घात केला. आपल्या आरोग्याच्या पानावर दर आठवड्याला ‘मिथक आणि तथ्य’ असतं. तिथे ‘गैरसमज’ हा साधा शब्द चालला असता.

‘पवित्र’च्या ओळीत दोन चुका आहेत. त्याच्या विरुद्ध आपण ‘अपवित्र’ दिलंत. इंग्रजीत इथे ‘प्रोफेन’ असतो आणि त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘देवळाच्या बाहेरचं’, इतकाच. रोजचं, ऐहिक, ज्याला हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही ते. ‘लौकिक’ हा आपला शब्द तयारच होता. दुसरी चूक अधिक खोल आहे. ‘पवित्र’ हा शब्द शुद्ध करणे या अर्थाच्या धातूवरून आला, त्यामुळे मराठी वाचकाला स्वच्छ, निर्मळ असं काही दिसतं. समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्खेमने १९१२ मध्ये हा भेद मांडला तेव्हा त्याच्या लेखी पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं, निषेधांनी राखलेलं. मग तो खडा असेल, झाड असेल, लाकडाचा तुकडा असेल. प्रेतही त्यात येतं, कारण अशुभाचीही शक्ती तितकीच राखून ठेवावी लागते. पाचच वर्षांनी रुडॉल्फ ओट्टो या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने याच प्रदेशात भलतंच काही पाहिलं. ज्याच्यापुढे माणूस थरथरतो आणि ज्याच्याकडे ओढलाही जातो, असं काही. त्यासाठी त्याने ‘न्यूमिनस’ असा नवाच शब्द पाडला. द्युर्खेम समाजाकडे पाहत होता, ओट्टो एकट्या माणसाच्या अंगावरच्या शहाऱ्याकडे. दोघांवर आपण ‘पवित्र’ हे एकच पांघरूण घातलंत. ओट्टोसाठी मला स्वतःला अजून धड मराठी शब्द सापडलेला नाही.

‘अज्ञेयवाद – देव न मानणे’ हे साफ चूक. हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये हा शब्द काढला तोच ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन्ही खात्र्यांपासून दूर राहण्यासाठी. धर्माच्या अभ्यासात तर निनियन स्मार्टसारख्या अभ्यासकांनी तो पद्धतीपुरता वापरला : देव आहे की नाही ते अभ्यासाच्या खोलीबाहेर ठेवा, घरी गेल्यावर खुशाल काहीही माना.

राहता राहिला ‘कल्ट’. आपला अर्थ : ‘भोंदू पंथ.’ मुळात ‘कुल्तुस’ म्हणजे जोपासना, निगा. शेतीच्या इंग्रजी शब्दातही तोच धातू आहे. प्राचीन रोममधल्या एखाद्या देवतेच्या उपासनेबद्दल लिहिताना इतिहासकार हा शब्द आजही शिवी न देता वापरतात. नव्या गटांच्या बाबतीत मात्र तो इतका विटला की समाजशास्त्रज्ञ ‘नवी धार्मिक चळवळ’ म्हणू लागले. एखादा गट लोकांना लुबाडत असेल तर बातमीत तसं लिहा, कुणाला किती लुबाडलं तेही लिहा. शब्दकोशाच्या चौकटीत निकाल कशाला?

उरलेल्या ओळींबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ‘टाबू’, म्हणजे निषिद्ध, हा शब्द कॅप्टन कुकने १७७७ मध्ये टोंगा बेटांवरून इंग्रजीत नेला, हे तर आपण छान दिलंत.

दुरुस्ती छापणार असाल तर निदान ‘मिथक’ आणि ‘अज्ञेयवाद’ या दोन ओळींची छापावी, आणि पहिल्या पुरवणीत होती त्याच जागी, म्हणजे ज्यांनी कात्रण काढून ठेवलं असेल त्यांना दिसेल. माझं कात्रण सोबत जोडलं आहे. पेन्सिल फिकट आहे, उजेडाला धरून वाचावं लागेल.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक