नाशिकच्या मित्राला पत्र

कराड,
रविवार, रात्री ११

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या चार महिन्यांत तुझे किती फोन आले, एकही उचलला नाही. पाडव्याच्या शुभेच्छांना नुसतं हात जोडलेलं चित्र पाठवलं. रागावला असशील, तर तुझं बरोबर आहे. तुझ्याशी मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं कुणाला सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. आज तुझी वहिनीच म्हणाली, "नाशिकला पत्र लिहा. फोनवर तुम्हाला रडू येईल आणि निम्मं सांगायचं राहून जाईल." म्हणून बसलोय.

तिला अंडाशयाचा कॅन्सर आहे. चौथा टप्पा.

दिवाळीपासून पोट फुगायचं, चार घास खाल्ले की बास म्हणायची. इथे दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. आम्हीही म्हटलं, फराळाचं तेलकट बाधलं असेल. परकराची नाडी पुरेना तेव्हा सोनोग्राफी केली. पोटात पाणी होतं. या कॅन्सरची खूण म्हणून रक्तातला सीए-१२५ बघतात, तो पस्तिसाच्या आत हवा, १,८४० आला. पुढे छातीतही पाणी निघालं आणि त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या, म्हणून चौथा.

रात्रीच्या महालक्ष्मीनं दादरला उतरलो, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली, तिथून रोज परळला टाटामध्ये. त्या धर्मशाळेत परभणीकडची एक बाई भेटली, नवऱ्याला घेऊन तिसऱ्यांदा आलेली. तिनं माझी फाईल हातात घेतली आणि सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून दिले. म्हणाली, "भाऊ, डॉक्टर विचारतील तेव्हा हुडकत बसू नका." माझे हात इतके थरथरत होते की तिचे आभारही नीट मानले नाहीत.

परळच्या फुटपाथवर उभं राहूनच दादानं ठरवलं, "हिला कळू द्यायचं नाही. खचेल. शिवाय लग्नाची पोरगी आहे घरात, बाहेर वाच्यता नको." मी मान हलवली. तिला सांगितलं, गाठ आहे, औषधानं विरघळेल. पहिली केमो तिथे झाली, पुढच्या दोन त्यांनी लिहून दिल्याप्रमाणे इथेच, कराडला.

पहिल्या केमोनंतर सतराव्या दिवशी केस हातात यायला लागले. मागच्या अंगणात पाट टाकून बसली आणि मला म्हणाली, तुम्हीच काढा. मी कात्रीनं बारीक करत होतो. पाठ माझ्याकडेच होती. तशीच बसून तिनं विचारलं, "कितवा टप्पा आहे?"

मी थांबलो. मग सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथल्या पाट्या मला वाचता येत नव्हत्या का? आजाराचं काय वाटायचं ते वाटेल हळूहळू. पण तुम्ही मला बाजूला ठेवलंत, त्याचं फार लागलं." आणि म्हणाली, "राहिलेले काढा."

मित्रा, मी जे केलं ते मायेनं केलं, पण चुकलंच. तीन आठवडे ती एकटी भीत होती आणि मी एकटा भीत होतो, एकाच खोलीत.

पुढच्या भेटीत तिनं डॉक्टरीणबाईंना स्वतःच विचारलं. त्यांनीही आडपडदा ठेवला नाही. तीन केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा तीन, पुढे जमलं तर गोळ्या. आजार आटोक्यात येईल, पण या टप्प्यावर बहुतेकांना तो परत उलटतो. मधला काळ जितका लांबवता येईल आणि चांगला घालवता येईल, त्यासाठी हे सगळं. हिनं एवढंच विचारलं, "यंदा गौरी माझ्या हातानं बसवता येतील का?" त्या म्हणाल्या, "त्याच तयारीला लागू या."

दर २१ दिवसांनी केमो. पहिले चार दिवस अंग मोडून येतं, तोंडाला चव नसते, पातळ मूगडाळ तेवढी उतरते. मग दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा मी थर्मामीटर उशाशी घेऊन झोपतो. ताप १००.४ च्या वर गेला की वाट न बघता दवाखाना. एकदा रात्री दोन वाजता पळालो. बोटांना बधिरपणा आलाय. परवा हट्टानं भाकरी करायला बसली, तव्यावर बोटं भाजली तरी तिला कळलं नाही, फोड आल्यावर दिसलं. तिला रडताना मी या चार महिन्यांत तेव्हाच पाहिलं. आता भाकरी मी थापतो. जाड होते, कडा फाटतात, पण ती अर्धी तरी खाते.

पैशाचं म्हणशील तर केशरी कार्डावर महात्मा फुले योजनेत बरंच बसलं, बाकीचं छापखाना बघतोय. लग्नसराई आहे, पत्रिकांचं काम आहे. तू त्याची काळजी करू नकोस.

खरी काळजी दुसरीच आहे. तिच्या रक्तात बीआरसीए जीनमधला दोष सापडला, अंडाशयाचा आणि स्तनाचा कॅन्सर दोन्ही त्यातून होऊ शकतात. तिची मावशी स्तनाच्या कॅन्सरनं गेली होती, तेव्हा कुणी धागा जोडला नव्हता. हा दोष मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. हे ऐकल्यापासून ही स्वतःचं दुखणं विसरलीय. रात्री उठून पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते. दादाचं म्हणणं, तपासणीच नको, स्थळं येणार नाहीत. पोरगी काही बोलली नाही. सोमवारी जाऊन रक्त देऊन आली आणि पावती आईच्या फाईलमध्ये, तारखेप्रमाणे लावून ठेवली. रिपोर्ट यायचाय. धाकट्यालाही समजावलंय, बारावीचा निकाल लागला की बघू.

तीन केमोंनंतर सीए-१२५ आता ९६ आहे. छातीतलं पाणी आटलंय. पुढच्या मंगळवारी परळला शस्त्रक्रिया.

तू ये. शस्त्रक्रियेला नको, तिथे माणसं आहेत. घरी परतलो की ये, चार दिवस राहायला. येताना काढे, भस्मं, कुणाचे पत्ते आणू नकोस, त्या सगळ्यांना नाही म्हणता म्हणता ती दमते. द्राक्षंही नकोत, न शिजवलेली फळं बंद आहेत. संध्याकाळी तिला प्रीतिसंगमावर नेऊ. घाटाच्या पायऱ्या उतरायला तिला दोन्हीकडून हात लागतो, आणि पोरगी त्या वेळी क्लासला असते.

आणि तिच्याशी आजाराबद्दल बोलायचं नाही असं मनात धरून येऊ नकोस. ती विषय काढेल. काढला की बस तिच्यापाशी.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझाच