कोर्सचं नाव मोठं नको, मशीनवरचे तास छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ॲडमिशनचा सीझन आला की टेक्निकल कॉलेजांच्या जाहिराती सुरू होतात, सगळीकडे एकच शब्द, करिअर ओरिएंटेड, आणि त्याखाली रोबोटिक्स, मेकाट्रॉनिक्स, ॲडव्हान्स्ड सीएनसी, इलेक्ट्रिक व्हेईकल अशी नावं. मी गेली २२ वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे बनतात तिथे, काम करतोय आणि नवीन पोरापोरींना कामावर घेताना बऱ्याचदा मीच त्यांची परीक्षा घेतो, म्हणून हे लिहितोय. माझी मागणी एकच आहे. कोर्स दोन वर्षांचा असो की सहा महिन्यांचा, त्यात एकेका विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने मशीन चालवायला किती तास मिळणार, हे कॉलेजने माहितीपत्रकात आकड्यात छापावं.

परीक्षा म्हणजे मी पहिल्या दिवशी फार काही विचारत नाही. लेथवर टर्न केलेला एक शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, आणि जाडी मोजायचा मायक्रोमीटर हातात देतो आणि म्हणतो, डायमीटर सांग. मागे एक मुलगा आला होता, सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, सर्टिफिकेट, मार्क चांगले, मशीनला द्यायच्या आज्ञा, जी झीरो झीरो म्हणजे रॅपिड, जी झीरो वन म्हणजे फीडने (टूल पुढे सरकायच्या ठरलेल्या वेगाने) कटिंग, सगळं तोंडपाठ. त्याने मायक्रोमीटर घेतला आणि सी-क्लॅम्प आवळावा तसा थिंबल, म्हणजे त्याची फिरवायची मूठ, आवळत सुटला. टोकाला रॅचेट असतं, ते दोन-तीनदा टिकटिक वाजलं की थांबायचं, म्हणजे दाब दर वेळी सारखाच पडतो, हे त्याला माहीतच नव्हतं. ०.०१ मिलिमीटर मोजणारं हत्यार ते, असं आवळलं तर रीडिंग चुकणारच. विचारलं तर म्हणाला, सर, आमच्या बॅचला दोनच मायक्रोमीटर होते, सर लांबून धरून दाखवायचे. सीएनसीचंही तेच, सगळं सिम्युलेशनवर झालेलं, खरं मशीन काचेतून बघितलेलं. मला त्या मुलाचा राग नाही आला, वाईट वाटलं. घरच्यांनी फी भरली होती, त्याने मन लावून अभ्यास केला होता, आणि जे शिकायला गेला ते त्याच्या हातात कुणी दिलंच नाही.

सिम्युलेशन वाईट असं मी म्हणत नाही, प्रोग्रॅम तपासायला ते लागतंच. पण स्क्रीनवर टूल चकवर, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागावर, धडकलं तर रिसेट दाबून पुढे जाता येतं, शॉपवर ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचा मशीनला दिलेला आकडा, चुकला की टूल तुटतं, कधी स्पिंडलचं (मशीनच्या फिरत्या दांड्याचं) काम निघतं. आणि कट घेताना टूल थरथरायला लागलं की आवाज बदलतो, जॉबवर, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तुकड्यावर, बारीक लाटा उमटतात, तो आवाज एकदा कानात बसला की माणूस न बघता हात फीडकडे नेतो. हे पुस्तकातून येत नाही, कितीही चांगलं पुस्तक असू दे.

थिअरी काढून टाका असं कुणी समजू नये. टेपर टर्निंग, म्हणजे दांडा एका टोकाकडे निमुळता करायचं काम, करायचं तर मोठ्या आणि छोट्या डायमीटरमधला फरक भागिले लांबीची दुप्पट, त्यावरून टॅनजंट, त्यावरून कंपाउंड स्लाइडचा, म्हणजे लेथवर टूल तिरकं सरकवणाऱ्या भागाचा, कोन, हे ज्याला येत नाही तो आयुष्यभर दुसऱ्याने सेट केलेल्या मशीनचं बटण दाबत बसतो. फक्त ते गणित फळ्यावर झालं की त्याच आठवड्यात लेथवर झालं पाहिजे.

जर्मनीत हे फार पूर्वीच ओळखलं, तिथे १९६९ पासून त्यासाठी कायदाच आहे. शिकणाऱ्याचा करार कंपनीशी होतो, आठवड्यातले तीन-चार दिवस तो कंपनीत काम शिकतो आणि एक-दोन दिवस शाळेत जातो, भत्ताही मिळतो, आणि शेवटची परीक्षा शाळा घेत नाही, उद्योगांचं चेंबर घेतं. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, हे मला सगळ्यात पटतं.

वेल्डिंगमध्ये तर कागदावर पास होताच येत नाही. सिक्स-जी नावाच्या टेस्टला पाइप ४५ अंशात तिरका फिक्स केलेला असतो, तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच सगळीकडून फिरून बीड, म्हणजे वेल्डची रेघ, मारायची, मग त्यातून पट्ट्या कापून वाकवून बघतात, आत खोट असली तर तिथेच उघडी पडते. प्रत्येक ट्रेडला अशी एक तरी परीक्षा का असू नये? रेफ्रिजरेशनचंच घ्या, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जुने गॅस एकामागून एक जात गेले, आता आर-३२ आणि आर-२९० हे गॅस आलेत, आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, पेट घेणारा. तो आत असताना पाइपला ज्योतीचा टॉर्च लावायचा नाही, आधी गॅस काढा, नायट्रोजनने लाइन साफ करा, मगच ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने पाइपचा सांधा जोडणं. हे नुसतं वहीत लिहून घेतलेलं पोरगं गिऱ्हाइकाच्या घरी एकटं पाठवायला मला तरी भीती वाटते.

कॉलेजांची अडचणही कळते, मटेरियल, इन्सर्ट (टूलची बदलायची पाती), वीज, सगळ्याला पैसा लागतो आणि एका लेथवर एका वेळी एकच जण शिकतो. पण मग तेवढ्याच ॲडमिशन घ्या ना, आणि एका मशीनमागे किती विद्यार्थी, हा आकडाही तासांच्या शेजारी छापा.

तोपर्यंत पालकांना एक विनंती, फी भरायच्या आधी वर्कशॉप बघायला मागा, आणि सुट्टीच्या दिवशी नको, चालू दिवशी दुपारी जा. लेथखालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा कीस पडलाय का, कूलंटचा वास येतोय का, पोरांच्या हाताला तेल लागलंय का, एवढं बघा. आणि तिथल्याच एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारा, या आठवड्यात तू मशीनवर किती तास होतास?

आपला नम्र,
टूलरूममधला एक वाचक