‘डीम्ड’ म्हणजे आपोआप नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात सोसायट्यांच्या बातम्यांत ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ हा शब्द हल्ली सारखा असतो (कन्व्हेयन्स म्हणजे बिल्डरने इमारतीची जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं), पण त्यातल्या ‘डीम्ड’चा अर्थ काय ते कुणी सांगतच नाही आणि त्यामुळे लोकांचं खरंच नुकसान होतंय, म्हणून हे पत्र. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या जनरल बॉडीत एक काका ठामपणे म्हणाले, “अहो डीम्ड आहे ना, म्हणजे कायद्याने झालेलंच आहे, आता वकिलाला पैसे कशाला द्यायचे?” निम्म्या लोकांना ते पटलं आणि विषय पुढच्या मीटिंगवर गेला. जमीन आजही बिल्डरच्याच नावावर आहे.

डीम्ड म्हणजे आपोआप झालेलं नव्हे. जे प्रत्यक्षात घडलेलं नाही ते घडलंय असं कायद्याने मानून चालायचं, एवढाच त्याचा अर्थ. दत्तक मुलाचंच घ्या, १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यात हाच इंग्रजी शब्द आहे, मूल दत्तक घेतलं त्या दिवसापासून ते दत्तक आईबापाचंच ‘मानलं’ जातं. पण त्याआधी रीतसर दत्तक घ्यावं लागतं ना! कन्व्हेयन्सचंही तसंच आहे. १९६३च्या मोफा म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकीच्या कायद्यात २००८ साली कलम ११ मध्ये दुरुस्ती झाली, म्हणजे बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर सोसायटीने सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा, ते बिल्डरला नोटीस काढून त्याचं म्हणणं ऐकतात, आणि कागद बरोबर असतील तर त्याच्या सहीशिवाय एकतर्फी कन्व्हेयन्स करायचं सर्टिफिकेट देतात. कायद्यात यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. त्यानंतरही स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन आणि शेवटी सिटी सर्व्हेकडे जाऊन प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव लावून घेणं, हे सगळं आपल्यालाच करायचं असतं. अर्जच केला नाही तर काहीच होत नाही, मग रिडेव्हलपमेंटची बोलणी निघाली की जुना बिल्डर जमिनीचा मालक म्हणून समोर येऊन बसतो.

सरकारी मराठीत याला ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणतात. यातला ‘मानीव’ मला आवडतो, आपण मानलेला भाऊ म्हणतो त्यातलाच तो, पण ‘अभिहस्तांतरण’ जोडलं की वाचणारा तिथेच थांबतो. त्यात हाच डीम्ड विद्यापीठांच्या बाबतीत ‘अभिमत’ होतो. माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) किंवा देवनारची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ही अभिमत विद्यापीठं, म्हणजे यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकारने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था. बारावीच्या मुलांच्या पालकांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला हा एकच शब्द आहे हे कळणार कसं?

‘डीम्ड’चं अजून एक उदाहरण, आणि हे फार महत्त्वाचं आहे. बरेच लोक, विशेषतः वयस्कर मंडळी, वकिलाची नोटीस आलीय म्हटल्यावर पोस्टमनला रजिस्टर्ड पत्र परत न्यायला सांगतात, घेतलंच नाही तर मिळालंच नाही असं त्यांना वाटतं. पण १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ नुसार बरोबर पत्ता लिहून, पोस्टेज भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असंच धरलं जातं, पोचलं नाही हे तुम्ही सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे इथे तुम्ही काहीही न करता डीम्ड तुमच्यावर लागू होतो, आणि कन्व्हेयन्समध्ये तुम्ही काही केल्याशिवाय होतच नाही. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे.

तेव्हा माझी विनंती आहे की अशा बातमीत ‘मानीव’ लिहा, सोबत ‘कायद्याने मानलेलं, मात्र सोसायटीला अर्ज करावा लागतो’ एवढी एक ओळ टाका, आणि जमलं तर अर्जाला कुठले कागद लागतात त्याची चौकटही द्या. आमच्या बिल्डिंगमध्ये अजून बरेच जण तुमचाच पेपर वाचतात.

आपला नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई