बाहुलीवाल्या मावशींना, आमच्या संडे स्कूलकडून

प्रिय मावशी,

ख्रिस्ती प्रेमाचा सलाम.

चर्चमध्ये मुलांनी काहीही सादर केलं तरी टाळ्या पडतात. पडदा अडकला, बाहुलीचं डोकं मध्येच खाली बुडालं, तरी मंडळी मायेने टाळ्या वाजवते. त्या टाळ्यांवर तुम्ही समाधान मानलं नाहीत. 'लहान मुलांचं आहे, चालतं' हे वाक्य आमच्या संडे स्कूलमधून, म्हणजे चर्चच्या मुलांच्या रविवारच्या वर्गातून, तुम्ही हद्दपार केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडं लिहितो आहोत, कारण मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समुदायांमध्ये, बाहुली पथक सुरू करू पाहणारे बरेच शिक्षक आहेत आणि तुम्ही शिकवलेलं त्यांच्याही हाती पडावं.

सगळ्यात आधी आभार त्या मापाबद्दल. बोलक्या बाहुलीचे, म्हणजे आत हात घालून जिचं तोंड हलवायचं तिचे, नमुने बहुतेक मोठ्यांच्या हाताचे असतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने अशी बाहुली घातली की बोटं ओठांपर्यंत पोचत नाहीत, तोंड अर्धंच मिटतं आणि बाहुली बोबडी वाटते. तुम्ही प्रत्येक मुलाचा हात कागदावर ठेवून मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत रेघ मारायला लावलीत, आणि जबड्याची आतली पट्टी त्या मापाने कापलीत. पट्टी पुठ्ठ्याची नको, घामाने मऊ पडते. जुन्या प्लास्टिक फाइलचं कव्हर घ्यायचं, बिजागरीला जीनच्या कापडाची पट्टी. वर चार बोटांसाठी दीड इंची इलॅस्टिक, खाली अंगठ्यासाठी वेगळा फास. हे इलॅस्टिक नसेल तर मुलं जबडा मुठीत आवळतात आणि दोन मिनिटांत हात भरून येतो.

डोक्याला अर्धा इंच जाडीचा फोम. वरचं कापड म्हणून रस्त्यावर मिळणारं साधं फ्लीसचं ब्लँकेट पुरतं, एकात चार-पाच डोकी निघतात. फक्त ते ज्या बाजूने ताणतं ती बाजू डोक्याभोवती आडवी यायला हवी. उलटं लावलं तर कपाळावर सुरकुत्या पडतात. डोळ्यांना टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून. बुबुळं अगदी मध्यावर काढली की बाहुली शून्यात बघते. दोन्ही किंचित नाकाकडे सरकवली की ती समोरच्या माणसाकडे पाहू लागते. रंगाच्या बाबतीतही तुम्ही ठाम होता: गव्हाळ, सावळी, काळी कांती, काळ्या लोकरीचे केस. बेथलेहेमचे मेंढपाळ सोनेरी केसांचे दाखवायचं काही कारण नाही, हे तुमचं म्हणणं आम्हाला शंभर टक्के पटतं. कांती गडद असली की तोंड उघडलेलं मागच्या बाकावरून दिसत नाही, म्हणून आतून लाल कापड आणि ठळक जीभ.

चिकटवण्याचं काम मोठ्यांनीच करायचं, खिडक्या उघड्या ठेवून, हे तुम्ही पहिल्यापासून बजावलंत. रबरी सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, बोटाला किंचित चिकटेल पण तार सुटणार नाही इतकं वाळू द्यायचं, मगच दाबायचं. घाईने ओलंच जोडलं की सांधा सरकतो. पावसाळ्यात तर थर वाळताना गार पडतो, हवेतली दमट वाफ त्यावर धरते आणि जोड आठवड्यात सुटतो. म्हणून जून ते सप्टेंबर फक्त शिवण, संहिता आणि सराव. फोमचं काम दिवाळीच्या सुट्टीत. नाताळच्या तयारीचं वेळापत्रक यामुळेच जमतं.

आता हाताळणी. पथक टिकतं किंवा मोडतं ते इथे, आणि तुम्ही इथेच सर्वात जास्त वेळ दिलात.

तोंड उघडताना अंगठा खाली जायला हवा, वरची चार बोटं जागच्या जागी. मुलं नेमकं उलटं करतात: चार बोटं वर उचलतात, मग बाहुलीचं डोकं मागे उलटतं आणि डोळे छताला लागतात. कोपर कानाजवळ, हात सरळ वर, मनगट किंचित पुढे झुकलेलं, म्हणजे नजर तिसऱ्या-चौथ्या बाकावर पडते. शब्द बाहेर 'फेकण्यासाठी' हात पुढे झोकायचा नाही. तसं केलं की बाहुली शब्द चावते आहे असं दिसतं. आत येताना जिना चढल्यासारखं पायरी-पायरीने वर, जाताना तसंच खाली. एकदम वर उडालेली किंवा गडप झालेली बाहुली जिवंत वाटत नाही.

तोंड अक्षरागणिक उघडायचं नाही, उच्चाराच्या ठोक्यागणिक उघडायचं. मुलं कागद वाचून सराव करतात, त्यामुळे हा गोंधळ हमखास होतो. 'देव' लिहिताना दोन अक्षरं, उच्चारताना ठोका एकच. 'मेंढपाळ' दोन ठोके, 'बेथलेहेम' तीन, 'येरुशलेम' चार. अंक म्हणायचा तुमचा सराव यावर उत्तम: एक, दोन, तीन, चार, पाच एकेक ठोका, मग 'सहा'ला दोन, सातला पुन्हा एक. बाहुली न घालता, नुसत्या हाताने, आरशासमोर. हे बसल्याशिवाय बाहुली हातात द्यायची नाही, हा तुमचा नियम कडक वाटतो खरा, पण तो पाळला की पुढचे कित्येक रविवार वाचतात.

दमाचाही विचार तुम्ही केलात. बाहुली स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाव किलोच्या आत ठेवायची. पहिल्या आठवड्यात हात एक मिनिट वर, दर आठवड्याला अर्धं मिनिट वाढवायचं, आणि प्रवेश चार मिनिटांपेक्षा मोठा लिहायचाच नाही. दमलेला हात आधी कोपरात वाकतो आणि बाहुली बुडते, म्हणून प्रत्येक भूमिकेला जोडीदार हवा. ज्यांना हात वर धरणं जमत नाही त्यांच्यासाठी आवाज, पडदा, सामान आणि पडद्यापुढचं मूकनाट्य आहे. मूकनाट्यात पांढरे हातमोजे आणि एका वेळी एकच हालचाल, बस्स.

रंगमंचाबद्दल थोडक्यात, कारण तो आता डोळे मिटून उभा करता येतो. एक इंची पीव्हीसी पाइप, कुठलाही तुकडा चार फुटांपेक्षा लांब नाही, म्हणजे लोकलच्या लगेज डब्यात आणि टॅक्सीच्या टपावर मावतो. रुंदी आठ फूट, मध्ये एक आधार, नाहीतर वरचा पाइप झोळीसारखा लोंबतो. उंची सर्वात उंच मुलाच्या डोक्यापेक्षा तीन इंच जास्त. बुटक्या मुलांना घसरणारा पाट नको, खाली रबर लावलेला प्लायचा ओटा हवा. चौकटीच्या पायांची खोली अडीच फूट, आणि वजनाला दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. जाताना रिकाम्या न्यायच्या, पोचल्यावर भरून बांधायच्या. ही युक्ती आमच्या सर्वात आवडीची! पाठीमागे खिडकी नको, मुलांच्या सावल्या पडद्यावर उमटतात. वरचे दोन पंखे बंद. पहिली रांग सात-आठ फूट लांब, कारण जवळ बसलेल्या लहानग्यांना फक्त हनुवट्या दिसतात. आवाज आधीच ध्वनिमुद्रित, सुरुवातीला चार सेकंद शांतता, फोन विमान मोडवर आणि जोडणी वायरनेच. रविवारी दुसऱ्या मंडळीत जायचं असेल तर आदल्या दिवशी लोकलचा मेगाब्लॉक बघायचा, हेही तुम्हीच यादीत घातलंत.

संहितेबद्दलचा तुमचा एक सल्ला मात्र आमच्या मनात खोल बसला आहे. येशूची बाहुली करायची नाही. उघडझाप करणाऱ्या तोंडातून त्याचे शब्द आले की मुलं हसतात, आणि तो दोष मुलांचा नसतो. आवाज पडद्याबाहेरून, एखाद्या मोठ्या माणसाचा, शांत. बाहुल्यांनी फक्त त्या दिशेला वळायचं. जक्कयाच्या गोष्टीत हे किती नेमकं बसतं! ठेंगणा जक्कय म्हणजे हात निम्म्यावर धरलेला, गर्दी पूर्ण उंचीवर, उंबराचं झाड पाइपवर चिकटवलेल्या पुठ्ठ्याचं. तो येशूला बघायला वर चढतो, खालून येशूची हाक येते, आणि सगळ्या बाहुल्या एकाच वेळी मान वळवतात. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला हा प्रसंग समजावून सांगायला पाळकांना वेगळा दृष्टांत शोधावा लागत नाही. आणि एक बाहुली बोलत असताना बाकीच्यांनी तिच्याकडे बघून ऐकायचं, हलायचं नाही, हे मुलं तुमच्यामुळे शिकली. ऐकणं हीसुद्धा भूमिका आहे, आणि ती सर्वात अवघड आहे.

बाहुल्या आता तुमच्या सांगण्याप्रमाणे कापडी पिशवीत, जबड्यात वर्तमानपत्राचा बोळा घालून, टांगून ठेवतो. उन्हात नाही, फोम पिवळा पडून भुगा होतो; प्लास्टिकच्या पिशवीतही नाही, बुरशी धरते. कपाटाच्या दाराला तुमची यादी चिकटवली आहे: सुई, दाभण, काळा दोरा, जादा इलॅस्टिक, दोन जादा डोळे, कापडी चिकटपट्टी.

मंगलदास मार्केटमधून पडद्याचं बारा फूट काळं कापड आणलं आहे, आठ फुटांच्या चौकटीला चुण्या पडतील इतकं. ते धुवून आटवल्याशिवाय कापणार नाही. आडवं जोडायचं की उभं, एवढं कळवा. शिलाई आम्ही करू.

तुमचे,
संडे स्कूलचे शिक्षक आणि बाहुली पथकातली मुलं
मुंबई