त्या चार दगडांसाठी, मावशी

मावशी, तुम्ही हे स्वतः वाचणार नाही, नातू मोबाईलवर वाचून दाखवील म्हणून इथंच लिहितेय.

मार्चमध्ये खुरपं आणि पिशव्या घेऊन मी खानापूर भागात फिरत होते, बुरशीवरचं औषध शोधायला शेतातली माती गोळा करत. तुमच्या आधी चार शेतांतनं हाकलून लावलं, सर्वेवाली समजून. त्यांचा राग नाही, बेळगावजवळ बायपासला जमिनी गेल्यात, माणसं घाबरणारच. खरं शिकलेल्यांचं काय? एका सरांनी सगळ्यांसमोर हसून "माती चाळून औषध मिळतंय होय?" म्हटलेलं, ते अजून टोचतंय.

तुम्ही एवढंच म्हणालात, "मूठभरच ना? मग घे की." वर ताक दिलंत.

बुरशीवरची औषधं मुळात कमी, कारण बुरशीची पेशी बरीचशी आपल्या पेशीसारखी, तिला मारायला जावं तर माणसालाच लागतं. जी आहेत त्यातली निस्टॅटिन, ॲम्फोटेरिसिन बी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंचीच, आपल्या पिंपरीच्या मातीतनं पण हॅमायसिन निघालं. पहिल्या पावसात येणारा मातीचा वास पण ह्यांचाच बरं का.

तुमच्या मातीतल्या जिवाणूंचा एक पांढुरका ठिपका कँडिडा ह्या रोग करणाऱ्या बुरशीच्या प्लेटवर आला आणि त्याच्याभोवती बुरशी नसलेला स्वच्छ गोल! मी लॅबमध्ये उडीच मारली. मग परत परत वाढवताना तो गोल बारीक होत गेला, शेवटी दिसेचना. असं होतं ह्या जिवाणूंचं. म्हणजे परत त्याच जागेची माती पाहिजे, आणि तोवर पेरण्या झालेल्या.

रडत रडतच आले होते मी. आणि बघते तर फणसाजवळच्या कोपऱ्यात मी खणलेल्या खड्ड्याभोवती चार दगड, आजूबाजूला भात उगवलेलं, तेवढीच जागा मोकळी. "पोराला सांगितलं, पोरीनं खणलंय तिथं टिलर घालू नको, परत आली तर?" मला कुणी सांगितलं नव्हतं परत ये म्हणून, मी पण बोलले नव्हते. कोण कुठली मी, माझ्यासाठी तुम्ही हातभर रान पेरायचं सोडलंत, आणि इथं मायक्रोस्कोपवर अर्धा तास मिळायला महिनाभर मागं लागावं लागतंय.

1950 मध्ये अमेरिकेत हेझन आणि ब्राउन ह्या दोघी बायकांनी निस्टॅटिन शोधलं, ती माती हेझनच्या ओळखीच्या नोर्स कुटुंबाच्या शेतातली, म्हणून त्या जिवाणूला नोर्सेई नाव दिलं. तुमच्या मातीतलं आमचं अजून तपासणीत आहे, आधीच कुणीतरी शोधलेलं पण निघेल, बहुतेक वेळा तसंच निघतं. खरं नवीन निघालं तर नाव कुणाचं द्यायचं ते ठरलंय.

भातकापणी झाली की येते. दगड तेवढे हलवू नका.